तांडेल सरांचा पडाव

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मोरेश्वर तांडेल सरांचं नाव घेतो. आईवडिलांचे उपकार वेगळे. ते कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. पण आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि सरांनी मला तिथवर अक्षरशः वल्ही मारून पोचवलं. 'अक्षरशः' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

उंद्री-अमडापूरच्या पट्ट्यात एक लहानसं धरण आहे. त्याच्या पाण्यापल्याड आमची वस्ती. धरणाआधी वस्तीतून शाळेच्या गावाला सरळ गाडीरस्ता होता. तो पाण्याखाली गेला. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की रस्ता पुन्हा वर यायचा, पावसाळ्यात बुडायचा. मग लांबचा वळसा घालून काळीपिवळी जीपने जायचं. ती भरल्याशिवाय हलत नसे, आणि रोज पोरांचं भाडं कोण देणार? त्यामुळे वस्तीतली पोरं वस्तीवरच्या शाळेत चौथी करायची आणि पुढे बकऱ्या राखायची. माझे दोन्ही थोरले भाऊ तेच करत होते.

सर रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. नोकरी मिळाली ती थेट आमच्याकडे, जिथे मीठसुद्धा पुडीतूनच माहीत. इतिहास-भूगोल शिकवायचे. आडनाव ऐकून लोक त्यांना पहिल्या दिवसापासून 'तांदूळ सर' म्हणू लागले. एकदा पारावर त्यांनी समजावून सांगितलं की तांडेल म्हणजे गलबत चालवणारा, खलाशांचा मुख्य. एका म्हाताऱ्याने मान डोलावली. "हाव हाव. म्हंजे डायवर."

"ड्रायव्हरच," सर म्हणाले. वाद त्यांना आवडत नसे.

त्यांच्या काही खोडी होत्या. वर्गातून बाहेर पडताना बोट तोंडात ओलं करून हवेत धरायचे. वारा कुठून येतोय ते पाहायचे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे अशा गाठीने बांधायचे की मुख्याध्यापकांना ते कात्रीनेच सोडवावे लागत. आणि भरलेल्या काळीपिवळीत ते कधीच बसत नसत. ड्रायव्हर म्हणायचा, "सर, सरकून घ्या ना, अजून चार बसतात." सर खाली उतरायचे आणि उन्हात चालू लागायचे. लोक हसायचे. कोकणातला माणूस, जिवाला जपतो, म्हणायचे.

पाचवीत मी शाळेत जाऊ लागलो तो जून महिना होता, रस्ता अजून वर होता. त्या दिवसांत सरांनी एक धडा शिकवला, जो पुस्तकात नव्हता. फळ्यावर त्यांनी तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज काढलं आणि त्याच्या मधोमध, डेकवर, एक होडी काढली. आम्हाला ती चूक वाटली. होडी जहाजावर कशी?

"मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही," सर म्हणाले. "त्याचं पोट खोल. ते लांब पाण्यात उभं राहतं. मग ही होडी खाली सोडायची. इंग्रज हिला लाँगबोट म्हणत. आमच्या बंदरात हे काम पडाव करायचा. माणसं उतरवायची, गोड्या पाण्याची पिंपं भरून आणायची, लाकूडफाटा आणायचा. वारा पडला, जहाज हलेना, तर होडीत बसून वल्ही मारायची आणि अख्खं जहाज दोराने ओढायचं."

"आन रिकामी असली की?" मागून प्रल्हादने विचारलं.

"रिकामी असली की तिच्यात बकऱ्या नि कोंबड्या ठेवत."

वर्ग एकदम जागा झाला. बकऱ्या आमच्या ओळखीच्या होत्या. त्या समुद्रात काय खातात, लेंड्या कोण काढतो, कोंबडी उडून गेली तर काय, असे प्रश्न सुरू झाले. सरांनी सगळ्यांची उत्तरं दिली. मग म्हणाले, "आणि जहाज वाळूत रुतलं, तर होडीत नांगर घालतात, लांब नेऊन टाकतात आणि त्याच्या दोराने जहाज खेचून काढतात."

प्रल्हाद उभा राहिला. "सर, पाण्यात नांगर कायले? तथी काय पेरतेत?"

समुद्रात नांगर म्हणजे वेगळं लोखंड असतं, हे सरांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी ते काढूनही दाखवलं. पण चाचणीत मी होडीचं चित्र काढलं तेव्हा हात सवयीने गेला आणि होडीत आमच्या घरचा लाकडी नांगर आला, जू आणि रुमण्यासकट. सरांनी त्याला पूर्ण गुण दिले आणि खाली लिहिलं, 'बैल कुठे बसवलेस?'

मग पाऊस झाला, रस्ता बुडाला, आणि आम्ही शाळेत जायचं थांबलो. वस्तीच्या लोकांना त्यात नवल नव्हतं. सरांना होतं. एका रविवारी ते वळसा घालून पायी वस्तीवर आले, काठावर उभं राहून पाण्याकडे बघत राहिले आणि मग लोकांना म्हणाले, "पुढच्या रविवारी मी इथे पडाव आणतो. तुमची मदत लागेल."

आमच्याकडे पडाव म्हणजे मुक्काम. तंबू, राहुट्या, चार दिवसांचं राहणं. लोकांनी ठरवलं की सर शाळेचं शिबिर आणत आहेत. पुढच्या रविवारी बायांनी टोपलीभर पोळ्या आणि पातेलंभर पिठलं केलं, एकाने ताडपत्री धुवून ठेवली. सर आले ते नामदेव मिस्त्री, म्हणजे बैलगाड्या करणारा सुतार, आणि गाडीभर फळ्या घेऊन.

"पोरं कोठी हायेत?" आईने विचारलं.

"कोणती पोरं?"

"पडावाची!"

सरांना उलगडा व्हायला वेळ लागला. "अहो, पडाव म्हणजे होडी. मोठी होडी."

"मंग डोंगा म्हना ना सर!" किसनकाका म्हणाला. "आता इतक्या पोळ्या तुमची होडी खाईन का?"

किसनकाका आमच्या शेजारचा. धिप्पाड, सालदारीने राबणारा, सदा थट्टा करणारा. त्या दिवशी पोळ्या सगळ्यांनी मिळून संपवल्या आणि तेव्हापासून किसनकाका सरांचा झाला. होडी बांधायला दिवाळी उजाडली. नामदेव मिस्त्री रोज कुरकुरायचा, "चाकं नसलेली गाडी म्या जिंदगीत केली नाई." फळ्यांच्या फटींत ठासायला कापूस लागतो, असं सर म्हणाले तेव्हा वस्तीला पहिल्यांदा वाटलं की ही होडी आपली आहे. कापूस प्रत्येकाच्या घरात होता. त्यावर राळ आणि तेल. सर म्हणायचे, "हिला कोरडी ठेवायची नाही. जहाजावरसुद्धा होडी फार दिवस उन्हात राहिली की फटी पडतात, आणि ऐन वेळी पाण्यात सोडली की ती बुडते. होडीला काम हवं."

पहिल्यांदा पाण्यात सोडल्यावर सरांनी तिच्यात पोती भरली, माणसं बसवली, उतरवली, पुन्हा बसवली. मग बाहेरून दोन्ही अंगांना एक पांढरी रेषा ओढली. "रेषा पाण्याला टेकली की संपलं. मग सरपंच आला तरी चढायचं नाही."

"लक्ष्मणरेषा हाय थे," किसनकाका म्हणाला. "अन सीता कोन?"

"सीता तूच," सर म्हणाले. "तूच सगळ्यात जड."

तेव्हापासून सर रोज सकाळी पलीकडून रिकामी होडी घेऊन येत, आम्हाला नेत, संध्याकाळी सोडत. दोन वल्ही सर मारत, दोन किसनकाका. मी पाचवी, सहावी, सातवी अशी केली. माझ्याबरोबर वस्तीतली आठ-दहा पोरं होती, पोरीसुद्धा. बाजाराच्या दिवशी मोठी माणसंही येत.

एकदा किसनकाकाने विचारलं, "सर, एक मानूस जास्त झाला त काय फरक पडते? काऊन इतकं धरून बसता?"

सर वल्ही मारत होते. त्यांनी लय मोडली नाही. "आमच्याकडे जत्रेला पडाव भरला होता. शेवटी चढला तो माझा थोरला भाऊ. त्याला कुणी नाही म्हटलं नाही."

त्यानंतर किसनकाकाने रेषेची थट्टा केली नाही.

मी आठवीत असताना, श्रावणातला अमडापूरचा बाजार होता. दुपारपासून आभाळ भरून आलेलं. काठावर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. सगळ्यांना पावसाआधी घर गाठायचं होतं. होडी भरली. माझी आई आणि मी पुढच्या टोकाला, आमच्या शेजारी किसनकाकाची बायको शोभाकाकू, मांडीवर लहान पोरगी. किसनकाका बाजारात मागे राहिला होता, म्हणून दुसरी वल्ही वस्तीतल्याच एकाने घेतली होती. रेषा पाण्याला टेकली होती. सरांनी दोर सोडला आणि तेवढ्यात किसनकाका पळत आला, खांद्यावर पिशवी.

त्याने एक पाय आत टाकला. रेषा पाण्याखाली गेली.

"खाली उतर, किसन," सर म्हणाले.

"सर, माही बायको आत हाये."

"तिला सोडतो आणि लगेच येतो. उतर."

"बकरीयेवढा धरा मले. तुमच्या जहाजात बकऱ्या चालत होत्या ना?"

लोक हसले. सर हसले नाहीत. "किसन. उतर."

तो उतरला. रागावला नव्हता. काठावर उभं राहून त्याने शोभाकाकूला हात केला.

वल्ही मारणारा माणूस उलटा बसतो. त्याची पाठ पुढे आणि तोंड मागच्या काठाकडे. त्यामुळे सरांना सगळा वेळ किसनकाका दिसत होता. आम्हाला नव्हता दिसत. आम्ही पाण्याच्या मधोमध आलो तेव्हा वारा सुटला, आणि सर अचानक ओरडले, "किसन! मागे हो! मागे हो!"

आम्ही वळून पाहिलं. तो वाट न बघता बुडालेल्या गाडीरस्त्याने निघाला होता. वस्तीतल्या सगळ्यांना तो रस्ता पाठ होता. कमरेएवढं पाणी, डोक्यावर पिशवी. त्या पावसाळ्यात रस्त्याची मोरी वाहून गेली होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो चालत होता आणि मग तो नव्हता. पिशवी थोडा वेळ तरंगली.

भरलेली होडी त्या वाऱ्यात आडवी वळवता येत नव्हती. सरांनी आम्हाला काठावर उतरवलं, जवळजवळ ढकललं, आणि रिकामी होडी घेऊन परत गेले. अंधार पडेपर्यंत ते पाण्यावर होते. किसनकाका दुसऱ्या दिवशी सापडला.

सरांना कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. वस्तीत एवढंच बोललं जाऊ लागलं, "बसू देलं असतं त जिता राह्यला असता." ते सरांच्या तोंडावर कुणी म्हटलं नाही, पण तेराव्याला सर आले तेव्हा त्यांना पाण्याचा तांब्या कुणी दिला नाही. सर अंगणात थोडा वेळ उभे राहिले आणि परत गेले.

त्यानंतर होडीत कुणी चढलं नाही. मोठी माणसं वळशाने जाऊ लागली. पोरं एकेक करून बकऱ्यांकडे परतली. पोरींची लग्नं ठरली. सर मात्र रोज सकाळी होडी घेऊन यायचे आणि काठाला लावून थांबायचे.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी माझ्या आईने माझं दप्तर उचललं, मला काठावर नेलं आणि म्हणाली, "बस." बाबांनी विचारलं, "काऊन पाठवून राह्यली त्याले? लोक काय म्हनतीन?" आईने होडीला हाताने रेटा दिला.

आठवी, नववी, दहावी मी एकटा त्या होडीत बसलो. एवढी मोठी होडी, एक मास्तर आणि एक पोरगा. पांढरी रेषा पाण्याच्या हातभर वर. सर वल्ही मारत राहायचे. कधी म्हणायचे, "पाढे म्हण," कधी, "नद्यांची नावं सांग." वल्ह्यांनी त्यांचे हात सोलवटले होते, त्यावर ते खोबरेल लावून चिंधी बांधत. एकदा तापाने फणफणलेले असताना आले. मी म्हटलं, "सर, एक दिवस नाही गेलो तर काय होतं?" ते म्हणाले, "एक दिवस नाही गेलास तर दुसऱ्या दिवशीही जाणार नाहीस. चढ."

परत येताना मी वस्तीच्या काठाला उतरलो की ते होडी वळवायचे, आणि उलटे बसलेले असल्यामुळे, पलीकडे पोचेपर्यंत त्यांचं तोंड आमच्या वस्तीकडे असायचं. शोभाकाकूचं घर अगदी काठाला होतं.

दहावीनंतर मी मेहकरला शिकायला गेलो. माझ्यानंतर होडीत बसायला कुणी नव्हतं. ती काठावर उलटी पडून राहिली, उन्हाने फटी पडल्या, कापूस सुटून बाहेर आला. चिमण्यांनी तो घरट्यांना नेला. सर निवृत्त होऊन गावी गेले तेव्हा मी परीक्षेत होतो. निरोप समारंभ साधाच झाला, असं ऐकलं. वस्तीतून कुणी गेलं नव्हतं.

मला मेहकरच्या एका शाळेत नोकरी लागली. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला कोकणात गेलो. समुद्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. सर पडवीत बसले होते. खूप वाळले होते. पुतणी सांभाळते. कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, डोळे मात्र शाबूत आहेत, वर्तमानपत्र वाचतात. त्यांनी मला ओळखलं, माझा हात धरला आणि कुणाची लग्नं झाली, नामदेव मिस्त्री आहे का, धरणाला पाणी किती, हे सगळं विचारलं. मी ओरडून उत्तरं दिली. शेजारची माणसं कुंपणापलीकडून बघत होती.

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "गजानन, एक माणूस मावला असता रे. रेषा मीच ओढली होती. जरा खालीच ओढली असेन. भाऊ बुडाला त्या भीतीने ओढली असेन."

मी म्हणालो, "नाही, सर."

"काय?" त्यांनी हात कानाशी नेला.

"नाही, सर!"

"काय म्हणतोस?"

शेजारचा माणूस हातातलं काम सोडून उभा राहिला होता. पुतणी चहा घेऊन आली. असलं बोलणं ओरडून करता येत नाही. मी मान हलवत राहिलो, आणि त्यांना बहुतेक वाटलं की मी 'हो' म्हणतोय.

निघताना ते फाटकापर्यंत आले. भरलेली सहा आसनी रिक्षा थांबली. मी चढणार, तेवढ्यात त्यांनी माझी बाही पकडली. "पुढची घे." पुढची यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ते माझ्याबरोबर उन्हात उभे राहिले. रिक्षा वळली तेव्हाही ते तिथेच होते, रस्त्याकडे तोंड करून.

मेहकरला आल्यावर मी हे पत्र पाठवलं.

*

तीर्थस्वरूप तांडेल सरांस,
शि. सा. न. वि. वि.

सर, त्या दिवशी पडवीत मला जे सांगायचं होतं ते सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

तुम्ही वल्ही मारत होतात, तुमची पाठ आमच्याकडे होती. तुम्ही किसनकाकाकडे बघत होतात. तुमच्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुम्ही पाहिलं नाही. आम्ही मधोमध आलो आणि वारा सुटला तेव्हा पुढच्या फळीवरून पाणी आत येऊ लागलं. एक लाट आली, मग दुसरी. आईने बाजारातून आणलेला तेलाचा रिकामा डबा घेतला आणि ती उपसू लागली. मी ताटलीने उपसत होतो. पाऊस सुरू झाला होता, म्हणून पायाशी आलेलं पाणी तुम्हाला पावसाचं वाटलं असेल. ते धरणाचं होतं. तुम्ही घाबरू नये म्हणून आईने मला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. आम्ही काठाला लागलो तेव्हा पुढचं टोक पाण्याशी जवळजवळ बरोबरीला आलं होतं.

किसनकाका आत असता तर आम्ही सगळे गेलो असतो. त्याची पोरगीसुद्धा.

आई गेली त्या वर्षी मी तिला विचारलं होतं, तू एकटीनेच मला तुमच्या होडीत का पाठवलंस. ती म्हणाली, "म्या माह्या हातानं पानी उपसलं. मले कोन काय सांगते?" मग लोकांना हे का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, "शोभीच्या तोंडावर कसं सांगू? तुहा नवरा चढला असता त आपन मेलो असतो, असं बोलता येते का?" पुढे बसलेल्या सगळ्यांनी ते पाणी पाहिलं होतं. शोभाकाकूसाठी सगळे गप्प बसले, आणि त्याचं सगळं ओझं तुमच्यावर पडलं.

हे पत्र टाकण्याआधी मी वस्तीवर गेलो. शोभाकाकूला विचारल्याशिवाय पाठवणं बरं वाटेना. त्यांना पूर्ण वाचून दाखवलं. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी एक लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "गजू, पोरगी माह्या मांडीवर व्हती. तिचे पाय वल्ले झाले तवाच मले समजलं. इतके वर्स म्या कोनाले बोलली नाई. सरायले म्हना, शोभी सांगून राह्यली, जागा नव्हती."

म्हणून लिहितो. सर, जागा नव्हती.

आपला विद्यार्थी,
गजानन